भाव ठरतो बंदरावर, मग बंदराचा हिशेब आपल्याला का नको?



कापूस वेचून झाला, गाडी भरली, बाजाराच्या आवारात थंडीत रात्र काढली. सकाळी व्यापाऱ्याने गाडीतला मूठभर कापूस उपसला, बोटांनी ताणून पाहिला आणि भाव सांगितला. आपण विचारतो, "कालच्यापेक्षा दोनशेने कमी कसा?" उत्तर ठरलेले. "वरून मंदी आहे." हे 'वर' म्हणजे नेमके कुठे, हे आजवर कोणी आपल्याला दाखवले नाही. पाऊस वरून, भाव वरून, मंदीही वरून. आपण फक्त मान वर करून पाहायचे.

जिल्हा बैठकीसाठी काय लिहावे याचा विचार करताना आम्ही ठरवले की हे 'वर' एकदा शोधून काढू. शोधत शोधत पोचलो ते बंदरावर. कापूस पिकतो यवतमाळात, वाशिमात, परभणीत. पण त्याचा भाव ठरतो न्हावा शेव्याला, मुंद्र्याला आणि तुतिकोरीनला. परदेशची गाठ बंदरात उतरून गिरणीच्या दारात कितीला पडते, त्या आकड्याच्या फार वर आपल्या गाठीला कोणी भाव देत नाही. म्हणून जहाजाचे भाडे, विमा, जकात हे शब्द शहरातल्या आयातदाराइतकेच आपल्याही कामाचे आहेत.

एका यंत्राने दिलेली शिकवण

हे आम्हाला पुस्तकातून कळले नाही. ठेच लागली तेव्हा कळले. आमच्या गटाने दोन वर्षांपूर्वी पऱ्हाटीची कुट्टी करणारे एक यंत्र चीनमधून मागवले. पऱ्हाटी जाळायची नाही, कुट्टी करून शेतातच गाडायची, असा विचार. गटाची कंपनी नोंदलेली होती, आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक काढला. विकणाऱ्याने दोन भाव दिले. एक, त्यांच्या बंदरात बोटीवर चढवून. याला एफओबी म्हणतात. दुसरा, मुंबईपर्यंतचे भाडे आणि विमा धरून, हा सीआयएफ. दोन्ही भावांत फरक अगदी थोडा. आम्ही हिशेब केला, एवढ्याशा पैशात समुद्रापारचे भाडे निघते, मग आपण कशाला डोके लावा? सीआयएफ घेतला आणि खूश झालो.

ही खुशी माल बंदरात उतरेपर्यंतच टिकली. यंत्र लहान होते, अख्खा कंटेनर लागणार नव्हता. दहा जणांचा माल एका कंटेनरमध्ये घालून पाठवला होता. भाडे विकणाऱ्याने दिले, म्हणजे जहाज आणि एजंट त्यानेच निवडला. त्या एजंटाने तिकडे भाडे जवळजवळ फुकट लावले आणि इकडे त्याच्या जोडीदाराने आमच्याकडून वसूल केले. कंटेनर फोडण्याचा खर्च, हाताळणी, कागद देण्याचा खर्च, आणखी कसकसले आकार. ते बिल सगळ्या समुद्राच्या भाड्याहून मोठे निघाले. भांडायला गेलो तर उत्तर मिळाले, "तुमचा करार विकणाऱ्याशी, आमच्याशी नाही." माल त्यांच्या ताब्यात, आमचा हात दगडाखाली.

त्यात आणखी एक चूक आमची. जहाजाची पावती, जिला बिल ऑफ लेडिंग म्हणतात, ती साधी पावती नसते. ज्याच्या हातात तिची मूळ प्रत, त्याचा माल. सातबाऱ्यासारखीच म्हणा. आम्ही बाकीचे पैसे उशिरा पाठवले, मूळ प्रत उशिरा आली, तोवर यंत्र गोदामात पडून राहिले आणि गोदामभाडे दिवसागणिक चढत गेले. अख्खा कंटेनर असता तर आणखी एक मीटर सुरू झाला असता. कंटेनर जहाज कंपनीचा असतो. ठरलेले दिवस फुकट, पुढे रोजचा दंड.

या प्रकरणातून एक गोष्ट पक्की समजली. जो जहाज ठरवतो त्याच्या हातात कासरा. आयात करणारे मुरलेले लोक म्हणूनच शक्यतो बोटीवर चढवून भाव घेतात, जहाज स्वतः ठरवतात आणि उतरल्यावर कोणता आकार किती लागणार हे एजंटाकडून आधी लेखी घेतात.

विमान आणि कडब्याची गाडी

पहिल्याच हंगामात यंत्राचा एक दातेरी चक्र तुटला. समुद्राने मागवावा तर महिना-दीड महिना, तोवर पऱ्हाटी उपटून शेत मोकळे झालेले. म्हणून विमानाने मागवला. चक्राचे वजन बारा किलो. भाडे लावले वीस किलोचे. आम्हाला वाटले फसवले. पण ते तसे नव्हते.

कडब्याची गाडी भरणाऱ्याला हे सांगायला नको. कडबा भरला की गाडी दिसायला डोंगराएवढी, वजनात काहीच नाही. गाडीवाला म्हणतो, वजन काय सांगता, माझी गाडी भरली ना? विमानवाल्याचेही तेच. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि 6,000 ने भागायची. आमचे खोके 60, 50 आणि 40 चे. गुणाकार 1,20,000, भागाकार 20. खरे वजन आणि हे जागेचे वजन, यांत जे जास्त त्यावर भाडे. खोके अंगाबरोबर बांधले असते तर पैसे वाचले असते.

आणखी एक फरक. विमानाची पावती मालकीचा कागद नसते. त्यावर ज्याचे नाव असेल त्याला माल मिळतो, मूळ प्रतीची वाट पाहावी लागत नाही. म्हणून परदेशी विकणारा विमानाने माल पाठवताना पैसे आधी मागतो.

कापूस विमानाने येत नाही, याचे कारण हेच. कापूस म्हणजे कडब्याचा भाऊ. तो प्रेसमध्ये आवळून गाठ केल्याशिवाय जहाजालाही परवडत नाही. वऱ्हाडात गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले ते भाड्यापायीच. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. 1867 ला रेल्वे नागपुरात पोचली, 1869 ला सुएझचा कालवा उघडला, 1870 ला खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा आला. भाडे उतरले, वेळ वाचला आणि इंग्लंडची गिरणी खामगावच्या जवळ आली. तेव्हा ही वाट आपला कापूस न्यायला बांधली होती. आता त्याच वाटेने उलटा कापूस येतो.

गाठीचा हिशेब आपल्या क्विंटलमध्ये

आता पाटी-पेन्सिल घ्या. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, रोज बदलतात. पद्धत मात्र बदलत नाही.

चाळीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे 20 टन रुई बसते. समजा अमेरिकेतून आपल्या बंदरापर्यंत भाडे 1,500 डॉलर आणि डॉलर 90 रुपये. भाडे झाले 1,35,000 रुपये. 20,000 किलोंनी भागा. किलोला पावणेसात रुपये. आपल्या एक क्विंटल कापसातून रुई निघते 34 किलोंच्या आसपास. म्हणजे अर्ध्या जगाला वळसा घालून येणाऱ्या रुईवर समुद्राचे भाडे, आपल्या क्विंटलच्या हिशेबात, फक्त 230 रुपये!

आता याच्या शेजारी आपल्या कापसाचे भाडे मांडा. शेतातून घरी, घरून बाजारात, वेचणीची मजुरी सोडून नुसती वाहतूक, हमाली, तोलाई. पुढे जिनिंगमधून गाठ निघाली की ती कोइमतूरच्या गिरणीपर्यंत हजार किलोमीटरहून जास्त ट्रकने जायची. परदेशची गाठ तुतिकोरीनला उतरते, गिरणीच्या उशाशी. आपण म्हणतो आपला कापूस देशातला, जवळचा. भाड्याच्या हिशेबात कोण जवळचा आणि कोण लांबचा, ते आपापल्या पाटीवर पाहा.

मग परदेशची गाठ अडते कुठे? जकातीपाशी. जकात मालाच्या नुसत्या किमतीवर लागत नाही. माल, भाडे आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर लागते. समजा ही रक्कम किलोला 150 रुपये. 11 टक्क्यांनी साडेसोळा रुपये. 34 किलोंचे झाले 561 रुपये. म्हणजे सात समुद्र आपल्या क्विंटलला 230 रुपयांचा आडोसा देतात आणि दिल्लीतला एक कागद 561 रुपयांचा. तो कागद एका रात्रीत फिरवता येतो.

कागद कसा फिरतो

2 फेब्रुवारी 2021 पासून कापसावर सगळे मिळून 11 टक्के आयातकर लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये सुएझ कालव्यात एक अजस्र जहाज आडवे झाले, सहा दिवस वाट बंद. करोनाने कंटेनरची चणचण आधीच होती. भाडी कैक पटींनी चढली. वरच्या हिशेबात 1,500 च्या जागी 4,500 डॉलर घाला, 230 चे 690 होतात. 2021-22 च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला. त्या तेजीला कारणे बरीच होती, जगातच कापूस चढला होता. पण महाग जहाज हेही एक कारण. वर्षानुवर्षांत एकदा गाठीला दोन पैसे दिसले, तर 14 एप्रिल 2022 पासून सरकारने आयातकर काढला. आधी सप्टेंबरअखेर, मग ऑक्टोबरअखेरपर्यंत.

पुन्हा तेच 2025 मध्ये. 19 ऑगस्टपासून कर माफ, मुदत 30 सप्टेंबर. नीट पाहा, ही जेमतेम सहा आठवड्यांची मुदत. नवा सौदा करून, जहाजात जागा धरून, अमेरिकेहून माल आणायला एवढे दिवस पुरत नाहीत. ही सवलत वाटेवर असलेल्या आणि बंदरात पडलेल्या मालाला. दहा दिवसांच्या आत मुदत वाढवून 31 डिसेंबर केली. आता नवे सौदे बसले. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. आपला कापूस घरात येण्याचे तेच तीन महिने. आणि जहाज येण्याचीही वाट पाहावी लागली नाही. कर माफीचा कागद निघाला त्याच आठवड्यात सीसीआयने आपल्या गाठींचा विक्रीभाव खाली आणला. माल समुद्रात असतो, मंदी आधीच गावात येऊन बसते.

अमेरिकेने आपल्या कापडावर 50 टक्क्यांपर्यंत कर लावला, गिरण्या अडचणीत आहेत, त्यांना स्वस्त रुई हवी, असे सांगितले गेले. गिरण्या अडचणीत असतील, आम्ही नाकारत नाही. गिरणी बंद पडली तर आपला कापूसही पडून राहील. पण अडचणीत आलेल्या गिरणीला हात द्यायचा तो सरकारने आपल्या खिशातून द्यावा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशातून क्विंटलमागे पाचशे रुपये काढून का द्यावा?

आणखी एक बारकावा ऐका. जकातीचा दर सौद्याच्या दिवशीचा लागत नाही. माल सोडवण्याचा अर्ज कस्टम्समध्ये ज्या दिवशी दाखल होतो त्या दिवशीचा लागतो. जहाज टेकण्याआधीच अर्ज दाखल केला असेल, तर जहाज आत आल्याच्या दिवशीचा. आयातदाराला दर आज नको असेल तर तो माल कर न भरता बंधपत्राच्या गोदामात ठेवू शकतो आणि जेव्हा काढील तेव्हाचा दर भरतो. कायद्यातलीच सोय आहे, चोरी नाही. त्याला थांबण्याची सोय आहे. विम्याची सोय आहे, बँकेच्या पतपत्राची सोय आहे, पुढच्या महिन्याचा भाव आजच बांधून घेण्याची सोय आहे. आपल्याला? घरात कापूस ठेवला तर अंगाला खाज, उंदीर आणि सावकार. दर बदलला की त्याचा धोका त्याच्या कागदावर अडतो, आपला धोका थेट चुलीपर्यंत येतो.

तूरही त्याच वाटेने

हे फक्त पांढऱ्या सोन्याचे नाही. पऱ्हाटीच्या आणि ज्वारीच्या ओळीत आपण तूर लावतो. 2016 मध्ये मोझांबिकशी तुरीचा सरकारी करार झाला. मे 2021 पासून तुरीची आयात मोकळी केली आणि पुढे मुदत वाढवत नेली. 2023 च्या अखेरीला मोझांबिकच्या नाकाला बंदरात भारताकडे निघालेली तूर तिथल्या भांडणात अडकून पडली. कुठले नाकाला, कुठले नेर-परसोपंत! पण त्या बंदरातला कंटेनर हलला की नाही, याची खबर आपल्या तुरीच्या भावाला लागते. आपल्याला तेवढी लागत नाही. ज्वारी अजून जहाजाने येत नाही, एवढेच समाधान.

आयातीशी वैर नाही

गैरसमज नको. आयात झालीच नाही पाहिजे, असे आम्ही म्हणत नाही. आम्हीच यंत्र मागवले, पुढेही मागवू. ज्याला जिथे स्वस्त मिळेल तिथून त्याने घ्यावे. पण मग दार दोन्ही बाजूंनी उघडे हवे. 2010 च्या एप्रिलमध्ये कापसाची निर्यात अडवली. 5 मार्च 2012 ला निर्यातबंदी आली, ओरड झाली तेव्हा आठवड्याभरात मागे घ्यावी लागली. बाहेर भाव असला की आपल्याला दार बंद, बाहेर मंदी असली की परक्याला दार उघडे. याला खुला बाजार म्हणत नाहीत.

एका गोष्टीत मात्र ढिलाई नको. कापसाचे बोंड पोखरणारा सोंड्या किडा अमेरिकेत आहे, आपल्याकडे नाही. म्हणून बाहेरच्या रुईला धुरी देऊन, पीक-आरोग्याचा दाखला घेऊनच आत घेण्याचा नियम आहे. बंदरावरच्या गर्दीत हा नियम सैल झाला तर त्याची किंमत गिरणी भरणार नाही. गुलाबी बोंडअळीने आपले काय केले ते आठवा.

बैठकीत काय ठरवायचे

आमचे म्हणणे चार गोष्टींचे आहे. बैठकीत यावर बोला, पटेल ते घ्या, पटणार नाही ते खोडा.

पहिली. कापूस, तूर यांचा आयातकर आणि निर्यातीचे धोरण पेरणीच्या आधी, मे महिन्यात जाहीर व्हावे आणि पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत त्याला हात लागू नये. आपण जूनमध्ये बी मातीत घालतो ते परत काढता येत नाही. सरकारचा कागद मात्र कधीही परत निघतो.

दुसरी. कर मोडायचाच झाला तर ज्या दिवसापासून मोडला त्या दिवसापासून शेतकऱ्याच्या भावातली तूट सरकारने भरून द्यावी. 2025-26 चा हमीभाव मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये जाहीर झाला होता. खरेदी केंद्रावर ओलाव्याचे आणि नोंदणीचे कारण सांगून गाडी परत फिरवायची आणि हमीभाव दिला असे म्हणायचे, ही भरपाई नव्हे.

तिसरी. प्रत्येक बाजार समितीच्या फाटकावर फळा लावून रोज सकाळी 'बंदर-पोच भाव' लिहावा. परदेशचा भाव, भाडे, विमा, कर, सगळे धरून परदेशची रुई बंदरात कितीला पडते आणि त्या हिशेबाने कापसाचा क्विंटल किती होतो. हे आकडे व्यापाऱ्याच्या खिशातल्या फोनवर रोज असतात. फळ्यावर आले तर "वरून मंदी आहे" हे वाक्य तपासून पाहता येईल. बाजार समिती लिहीत नसेल तर आपल्या पोरांनी लिहावे. हिशेब वर दिला आहे, सातवी पास पोराला जमेल असा.

चौथी. ज्या गटांच्या कंपन्या नोंदल्या आहेत त्यांनी भाड्याचे काम शिकावे. यंत्र मागवताना बोटीवर चढवून भाव घ्या, जहाज आपण ठरवा, उतरणीचे सगळे आकार आधी लेखी मागा, मूळ कागद माल येण्याआधी हातात येईल असे पैशांचे वेळापत्रक बांधा. आज यंत्र आणताना शिकलो तर उद्या आपल्याच गाठी पाठवताना ते उपयोगी पडेल.

आपल्या बाप-आज्याने भाव विचारला आणि मान खाली घालून गाडी रिकामी केली. त्यांना बंदर दिसत नव्हते. आपल्याला दिसते आहे. बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या शेतापासून बाजारापर्यंत क्विंटलला किती भाडे पडते, तेवढा एक आकडा लिहून आणावा. वरच्या 230 च्या शेजारी तो मांडू, आणि तिथून बैठक सुरू करू.